रॉड्रिग्जचा पोपट आणि आमचा बंड्या

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

माझ्या बहिणीचं, सुमीचं तेरावं. खारघरला, तिच्या मुलाकडे, अजितच्या पंधराव्या मजल्यावर. पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत एवढी माणसं मावणार नाहीत म्हणे. सुमीला त्याच दोन खोल्या चाळीस वर्षं पुरल्या.

बंड्यालाही नेलं होतं. घरी एकटा कसा राहील, म्हणून मीच पिंजरा मांडीवर घेऊन गाडीत बसले. मीच.

पंगत चालू असताना आतल्या खोलीत जरा पाठ टेकली, गुडघे बोलत होते. बाहेर आले तर बाल्कनीत पिंजऱ्याचं दार उघडं. आत पेरूची फोड तशीच.

अजित म्हणाला, "मावशी, चिडू नकोस. गुरुजी म्हणाले, आईच्या नावाने एक मुका जीव मोकळा करा. तिला गती मिळेल."

मुका! गेलं दीड वर्ष त्या घरात बोलत होता तो एकटा.

मी तोंड उघडलं तेवढ्यात तोच पुढे म्हणाला, "आणि तूच म्हणायचीस ना? वीस वर्षं ऐकतोय. 'सुमे, सोड त्याला, देशी पोपट पाळणं गुन्हा आहे.'"

मी रिकाम्या पिंजऱ्याचं दार लावून घेतलं. 


१० फेब्रु., सोम.

सकाळी आठला खारघर. कालचा व्हिडिओ अजितच्या बायकोने पाठवला होता, खाली फुलांची चित्रं लावून. बंड्या कठड्यावर बसलाय. उडत नाही. पिंजऱ्यात चालायचा तसा तिरका तिरका चालतोय. मग अजित टाळी वाजवतो, मग सगळेच वाजवतात, आणि तो पडल्यासारखा खाली जातो, पंख फडफडवतो, शेजारच्या टॉवरमागे दिसेनासा होतो. उडण्याआधी चोच उघडली आहे. काहीतरी म्हणाला. टाळ्यांत ऐकू येत नाही.

चौदा वेळा पाहिला.

चार टॉवरांच्या वॉचमनना विचारलं, खुणा सांगितल्या. डाव्या पायाचं एक नख नाही, शेपटीची मधली पिसं तारेला घासून आखूड झालीत. तिसरा म्हणाला, "आंटी, तोता तो सब हरा ही होता है."

बावीस वर्षांत पिंजऱ्याबाहेर तो फक्त सुमीच्या खांद्यावर बसला आहे. उडण्याचे स्नायू उरलेच असतील तर सुतळीएवढे. घारी आहेत, कावळे आहेत. एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, त्याचा हा उपयोग. काय काय होऊ शकतं ते सगळं नीट माहीत असतं.


१२ फेब्रु., बुध.

अजितचा फोन. सोसायटीच्या ग्रुपांवर टाकलंय, कोणी काही बोललं नाही. मग हळूच, "मावशी, दुसरा आणून देऊ का? परदेशी जातीचा. कायद्यात बसणारा."

मी म्हटलं, "तुझ्या आईच्या जागी एखादी कायद्यात बसणारी आणतोस का?"

फोन बंद केला त्याने. बरोबर केलं. त्याचीही आई गेली आहे हे मी विसरते.


१५ फेब्रु., शनि.

पिंजरा धुतला. परत जागेवर टांगला. का, ते विचारू नये.

बंड्या काय काय बोलायचा याची यादी करायला बसले. सुमीचा आवाज आता दुसरा कुठे नाही. फोनवर बोलायलाच तिला आवडायचं नाही. लग्नाच्या कॅसेटीत सनई आहे, ती नाही. आणि बंड्याचं कोणी रेकॉर्डिंग केलं नाही, कारण तो रोजच बोलायचा. रोजच्या गोष्टीचं कोण रेकॉर्डिंग करतं?

झटका आल्यावर सुमीची वाचा गेली. 'न, न' एवढंच उरलं. आणि सकाळी सहाला पिंजऱ्यातून तिचाच आवाज. ठणठणीत, चाळिशीतला. "दूध उतू जाईल गं!" "चपला बाहेर!" "कोण आहे, कोण आहे, थांबा!" सुमी पलंगावर उठून बसायची. ओठ हलायचे बरोबरीने.

एकदा विचारलं, "सुमे, मेला तुझ्या नकला करतो, राग नाही येत?" तिने पिंजऱ्याकडे बोट केलं. मग स्वतःच्या छातीकडे. मग परत पिंजऱ्याकडे. मी उठून भांडी घासायला घेतली.

माझं त्याने एकच उचललं. "सिट स्ट्रेट." कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी माझ्या पाठीत घातलेलं, मी दोन पिढ्यांच्या पाठीत घातलं, त्याने माझ्या.

यादी अकरावर थांबली. निदान तीस तरी होती.


१८ फेब्रु., मंगळ.

ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव पाटणकर आले. रविवारचं माझं व्याख्यान डिसेंबरातच ठरलं होतं. "मॅडम, तुमच्या घरी असं झालंय, रद्द करू. पण पत्रिका छापून झालीय." म्हणजे रद्द करू नका. "विषय हलकाफुलका आहे तुमचा, पोपट. लोकांना बरं वाटेल."

विषय डिसेंबरात मीच दिला होता. 'दोन पोपट : एक दारातला, एक बेटावरचा'. सुमी तेव्हा पलंगावर होती, बंड्या खिडकीत, आणि मला वाटलं होतं की गंमत येईल.

म्हटलं, येते.

वह्या काढल्या. रॉड्रिग्ज, हिंदी महासागरातलं बोटाच्या पेराएवढं बेट, मॉरिशसच्या पूर्वेला. तिथे एक पोपट होता. लांबी आपल्या पोपटाएवढीच, किंचित अधिक. तशीच लांब शेपटी, नराला तसाच गळ्यात काळा पट्टा. पूर्वज बहुधा आपल्याच बाजूने समुद्र ओलांडून गेलेले. रंग मात्र राखाडी निळा. म्हणजे आमच्या बंड्यावर राख टाकून पुसली तर दिसेल तसा. काही जुन्या नोंदींत हिरवेही आहेत.

माणसं आली, जंगल तोडलं, जाळलं, उंदीर आले, मांजरं आली. पोपट बाजूच्या छोट्या खडकाळ बेटांवर सरकले. पाणी प्यायला तेवढे मोठ्या बेटावर यायचे. १८७५ मध्ये एक नर मारून इंग्लंडला पाठवला. त्याच्या आधी चारेक वर्षं एक मादी. हे दोनच. दोघंही संग्रहालयात. त्या नरानंतर कोणाला मिळाला नाही.

लॅटिन नावाचा अर्थ हद्दपार. स्वतःच्या घरात बसलेल्याला हद्दपार म्हणायचं, आणि वर पेंढा भरून खणात ठेवायचं.


२१ फेब्रु., शुक्र.

एक गोष्ट विसरले होते, जुन्या वहीत सापडली. त्या बेटावर सतराव्या शतकात काही निर्वासित फ्रेंच दोन वर्षं राहिले. करमणूक नव्हती, म्हणून पोपटांना बोलायला शिकवलं. त्यांतला एक निघताना मॉरिशसला बरोबर नेला. तो फ्रेंच आणि फ्लेमिश, दोन्ही बोलायचा, असं लिहून ठेवलंय.

काय बोलायचा ते नाही लिहिलं.

एवढे लिहिणारे लोक. कासवांचं मांस कसं लागतं यावर पानंच्या पानं. आणि एका संपलेल्या जातीने माणसाच्या भाषेत काय म्हटलं, ते एका ओळीतही नाही. कशाला लिहितील? रोजच बोलत असणार.

वही मिटली. बारावी गोष्ट आठवली मात्र : "अगो, पंखा बंद कर." तेरावी नाही.


२३ फेब्रु., रवि.

व्याख्यान झालं. नीट झालं नाही.

पहिली वीस मिनिटं शिकवल्यासारखी गेली. चोच, पट्टा, बेट, नकाशा. मग पुढच्या रांगेतले जोशी म्हणाले, "पण मॅडम, आपल्या पोपटाला काय धोका? लंडनमध्येसुद्धा झालेत म्हणे थवेच्या थवे."

खरं आहे ते. झालेत. मला हसून पुढे जाता आलं असतं.

मी म्हटलं, "हो, भरपूर आहेत. म्हणून एक गेला तर कोणाला कळत नाही. त्या बेटावरचा नर कुठल्या दिवशी मारला तेही लिहून ठेवलंय. आमच्या घरचा पंधरा दिवसांपूर्वी गेला, तो कुठल्या गच्चीवर मेला ते मला कोणी सांगू शकत नाही. संपलेल्यांचा हिशेब लागतो. असलेल्यांचा लागत नाही. जात शिल्लक आहे, म्हणजे माझा शिल्लक आहे असं नाही होत, जोशी."

आणि मी उभ्या उभ्या रडले. कॉलेजात एकतीस वर्षांत कधी नाही.

पाटणकर सावरायला उठले, "काही प्रश्न?" मागून एक बाई, "पोपट घरात कुठल्या दिशेला ठेवावा?"

म्हटलं, "ज्या दिशेला झाड असेल त्या."

पुढे महत्त्वाचं. चहा देणाऱ्या ताराबाय. पळस्प्याच्या आतल्या गावातल्या, संघात खुर्च्या, चहा सगळं त्याच बघतात. कप हातात देऊन उभ्याच राहिल्या.

"बाय, तुमचा मानसाला भीत नव्हता ना?"

"नाही."

"आमच्या वालान एक हाय. थवा येतो शेंगा खायाला. म्हातारा डबा वाजवतो, बाकीचे उडून जातान. यो बसून रहातो. डब्याकरं बघतो."

"कधीपासून?"

"झाले आठ-धा दिस. म्हातारा बोलतो, बहिरा हाय काय मेला माझ्यासारका."

खारघर ते पळस्पे बाराएक किलोमीटर. त्या पंखांनी शक्य नाही. मी ताराबायना विचारलं, रिक्षा कुठपर्यंत येते.


२५ फेब्रु., मंगळ.

आधी अजितला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. पिंजऱ्याला उशीचा अभ्रा घातला आणि निघाले. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "मावशी, कोंबडी?" म्हटलं, "हो, कोंबडी." गुन्हा मी करत होते, खोटंही मीच बोलणार.

ताराबायचं शेत रस्त्यापासून आत, बाजूच्या जमिनी विकून झालेल्या. भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल. निम्मा उपटून पेंढ्या बांधलेल्या. बांधावर जुन्या साड्या फडकवलेल्या. पलीकडे शेंडा गेलेला एक ताड, नुसतं खोड, त्याला भोकं.

म्हातारबा खरंच ठार बहिरे. मला बघून ओरडून म्हणाले, "पोपटवाली बाय का?"

नऊच्या सुमारास थवा आला. वीसेक. कर्कश. डबा वाजला, सगळे उडाले. एक बांबूवर राहिला.

दुर्बीण डोळ्याला लावली. नर. पट्टा स्पष्ट. शेपटीची मधली पिसं आखूड वाटली, की मला तशी हवी होती. डावा पाय पानाआड. मोतिबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलू नका म्हणून डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं.

"बोलवा," ताराबाय म्हणाल्या.

बोलवू कशी? माझ्या हाकेला तो कधीच आला नाही. माझ्याकडे बघून पाठ ताठ करायचा. यायचा तो सुमीच्या.

तर मी सुमीची हाक मारली. ती आम्हां सगळ्यांना जेवायला बोलवायची तशी. "या रेऽ, पानं वाढली!" 'रे' लांबवून, शेवटाला वर नेऊन. पहिल्यांदा नुसताच घोगरा आवाज आला. दुसऱ्यांदा कुठून आला माहीत नाही, पण आला. तिचाच.

ताराबायनी माझ्याकडे वळून बघितलं. "अगो बाय! हे कोन बोललं?"

तो वळला. मान तिरकी केली. एक डोळा माझ्याकडे. मग त्या बांबूवरून पुढच्या बांबूवर. मग त्याच्याही पुढच्या. वीस पावलं राहिली असतील. अभ्रा मी केव्हाच काढला होता.

तेवढ्यात त्या ताडाच्या भोकातून एक डोकं बाहेर आलं. मादी. ओरडली. तो तिकडे बघायला लागला. परत इकडे. परत तिकडे.

हाक माझ्या तोंडात होती. 'या' म्हणून झालं होतं. 'रे' मी गिळला.

तो ताडावर गेला. खोडाला धरून मान वरखाली केली आणि तिला भरवलं.

ताराबाय म्हणाल्या, "येत होता ना! गप का झालाव?"

"नको."

"मंग यो पिंजरा काय फिरवायला आनला?"

"हो. फिरवायला."

त्या हसल्या नाहीत. वालाच्या शेंगा ओटीत घातल्या माझ्या, भरपूर, नको म्हटलं तरी.


२६ फेब्रु., बुध. महाशिवरात्र

उपास. डोकं दुखतंय.

शास्त्र असं सांगतं : बावीस वर्षं पिंजऱ्यात काढलेला पक्षी पंधरा दिवसांत बारा किलोमीटर जाऊन जोडीदारीण मिळवत नाही. म्हणजे तो बंड्या नव्हता. जो बंड्या नव्हता त्याला मी पकडलं नाही, यात काही मोठेपणा नाही.

पण रानातला नर माणसाच्या हाकेला तीन बांबू पुढे येत नाही.

दोन्ही वाक्यं मीच वर्गात शिकवली असती.

आणि तो बंड्या असेल, तर सुमीचा आवाज त्या भोकापाशी बसला होता आणि मी तो घरी आणला नाही. वीस वर्षं तिला म्हणत होते, सोड त्याला. ती म्हणायची, "तू अविवाहित, तुला सोडणं सोपं." तेव्हा आठवडाभर बोलले नव्हते तिच्याशी.


१ मार्च, शनि.

वन खात्यासाठी काम करणाऱ्या एका मुलीला फोन केला, माझी जुनी विद्यार्थिनी. पोपट कोणाचा ते न सांगता विचारलं. म्हणाली, "मॅडम, इतकी वर्षं पाळलेला असेल तर बाहेर जगणं कठीण. धरून पक्षी-केंद्रात द्या." मग थांबून, "पण घरटं केलं असेल तर... मला नाही सांगता येणार, मॅडम."

पहिल्या बाकावरची मुलगी. हिलाही नाही सांगता येत.


५ मार्च, बुध.

ताराबाय सकाळी दारात. वाल सगळा उपटून झाला. थवा नदीकडे गेला. ताडावरची जोडी मात्र तिथेच. नर बाहेर बसतो, मादी भोकातून निघत नाही. "अंडी असतील बाय."

"बोलतो का काही?"

"पोपटासारका ओरडतो. मी काय तितं बसून र्‍हाते?"

संध्याकाळी अजित आला. ऑफिसातून सरळ, गळ्यात ओळखपत्र. पिंजऱ्यापुढे उभा राहिला. तेव्हा सगळं सांगितलं. शेत, हाक, ताड. चिडेल वाटलं होतं. खुर्चीत बसला, बूट न काढता. 'चपला बाहेर!' म्हणायला आता कोणी नव्हतं.

मग म्हणाला, "मावशी, आई मला अंगाई म्हणायची. शब्द आहेत डोक्यात. आवाज लागत नाही. तू म्हणून दाखव ना."

मी म्हटली. दोन ओळी. त्याने मान हलवली. "नाही, अशी नाही." मग त्याने म्हटली. तीही तिची नव्हती. तो खालून घेत होता, मी वरून, आणि ती मधे कुठेतरी होती. चार-पाच वेळा केलं आम्ही. त्या दिवशी शेतात लागला तो आवाज घरात एकदाही लागला नाही.

एकेचाळीस वर्षांचा माणूस रुमाल शोधत होता. मी पदर दिला.

"आपण जाऊया. मी शिडीची सोय करतो. तो असेल तर कळेल ना हातात घेतल्यावर?"

"नखावरून कळेल."

"मग?"

"मादी अंड्यांवर आहे. नर नेला तर तिला खायला कोण घालणार? पिल्लं उडेपर्यंत थांबायला हवं."

"म्हणजे कधी?"

"एप्रिल संपेल. कदाचित मे."

मनातल्या मनात आठवडे मोजत होता. मग विचारलं, "आणि पोपट शिकलेलं विसरतात का गं? दोन-अडीच महिने कोणी बोललंच नाही तर?"

मी त्याला सांगितलं, काही विसरतात, काही नाही. हे खरं आहे. पुस्तकात असंच आहे.

तो गेल्यावर कपाटातली बंड्याच्या बोलण्याची यादी काढली, आणि तेरावी ओळ म्हणून त्या अंगाईचे शब्द लिहिले. बंड्याला ती येत होती की नाही, ते आठवत नाही.